आजारी न पडलेली मुलं

आमच्या शाळेत कावीळ शिरली आणि आठवड्याच्या आत ती कोणामुळे शिरली हे सगळ्यांना ठाऊक झालं. कोणी काही शोधलं नव्हतं. तरी मुलांना सोडायला येणारे पालक फाटकापाशी एकमेकांच्या कानाला लागून एकच सांगत होते, मावशींमुळे.

मावशी म्हणजे शाळेत दुपारचं जेवण रांधणाऱ्या बाई. एकोणीस वर्षं त्या त्याच स्वयंपाकघरात उभ्या होत्या. मुलं मावशी म्हणत, म्हणून मुलांचे आईबाप मावशी म्हणत, आणि वयाने मोठा असून मीही मावशीच म्हणायचो. कोपरापर्यंत सारलेल्या बाह्या आणि हातात कायम ती लाकडी मुठीची सुरी. दर मंगळवारी जेवणात काकडी असायची. एकशेबहात्तर ताटांत प्रत्येकी चार चकत्या, आणि एक चकती दुसरीहून जाड नाही. चौथीला वर्तुळ शिकवायचं असलं की मी फळ्यावर काढण्याआधी मावशींकडून चार चकत्या मागून आणायचो.

आधी दोन मुलांचे डोळे पिवळे झाले. मग नऊ. तिसऱ्या आठवड्यात आकडा एकतीसवर गेला. एकट्या माझ्या वर्गात सव्वीसपैकी सतरा. त्या सतरांत माझी नात होती. ती शाळेत मला सर म्हणायची आणि घरी आजोबा, आणि शाळेत चुकून आजोबा म्हणाली की स्वतःच स्वतःच्या कानाला हात लावायची. अशी शिस्तीची पोर अंथरुणात मुडपून पडली होती. भाताचा वास आला तरी तोंड फिरवायची.

माझी मुलगी, म्हणजे तिची आई, पालक समितीवर होती. तिचं म्हणणं सरळ होतं.

"शिजवलेल्यातून हे येत नाही, बाबा. कच्चं काय ते एक काकडी. काकडी कोण चिरतं?"

"मावशी," मी म्हटलं.

"मग झालं तर."

मला यात खोट दिसत नव्हती. मी चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, पण सख्खी नात पिवळी पडली की आपणही दोन पायऱ्यांत उत्तर काढतो आणि खाली रेघ मारतो.

मुख्याध्यापिकांनी मावशींना घरी बसायला सांगितलं. सुरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर कागद चिकटवून आरोग्य खात्याकडे दिली. मावशींना कायमचं काढायचं का, हे दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारी पालकांच्या बैठकीत ठरणार होतं. नक्की काय पणाला लागलं होतं हे मावशींना सांगावं लागलं नाही. कावीळ पसरवली म्हणून काढलेल्या बाईला या गावात कोण पुन्हा चुलीपाशी उभं करणार?

सोमवारी प्रश्नबाई आल्या. हे नाव अर्थात मुलांनी ठेवलं. त्या साथीच्या रोगांचा तपास करणाऱ्या खात्यातल्या होत्या. पन्नाशीच्या आसपासच्या, चपट्या तळाचे बूट, खांद्याला जाड कापडी पिशवी, पाण्याची स्वतःची बाटली, आणि हातात पुठ्ठ्याची पाटी, तिला दोरीने बांधलेली पेन्सिल.

"दोरी कशाला?" मी विचारलं.

"पेन्सिल मुलं मागतात. दिली तर परत येत नाही. नाही दिली तर बोलत नाहीत. दोरी असली की मागत नाहीत."

मला बाई तिथेच आवडल्या.

त्यांच्या बरोबर रक्त काढणारा एक तंत्रज्ञ होता, तो दोन दिवसांत काम आटोपून गेला. मागे राहिल्या त्या प्रश्नबाई आणि त्यांचा फॉर्म. फॉर्मवर एकेचाळीस प्रश्न. शाळेच्या वतीने त्यांच्याबरोबर कोणीतरी हिंडायला हवं होतं. मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे पाहिलं, कारण घरं मला माहीत होती.

पहिले दोन दिवस आम्ही आजारी मुलांकडे गेलो. प्रत्येक घरात बाई त्याच खुर्चीत बसल्यासारख्या बसत. पाठ ताठ, पाटी गुडघ्यावर. एकेचाळीस प्रश्न त्याच क्रमाने, त्याच आवाजात. उत्तर काहीही येवो, त्यांच्या तोंडून फक्त "हं" निघे. एका आईने रडत काकडीचं नाव घेतलं, तरी हं. एका बापाने मावशींना शिवी हासडली, तरी हं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तुम्ही मानसुद्धा हलवत नाही."

"मान हलवली की माणसाला कळतं आपल्याला काय ऐकायचंय. मग तो तेच देतो. तुमच्या वर्गात नाही होत असं? तोंडी परीक्षेत?"

होतं. मूल माझ्या भुवया बघून सातचा पाढा म्हणतं, हे मी कित्येकदा पाहिलं होतं. पण भुवया बांधून ठेवायचं मला कधी सुचलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती. बाई मागच्या आठवड्याचं काही विचारतच नव्हत्या. गेल्या महिन्यातलं विचारायच्या. शाळा उघडल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काय खाल्लं, कुठे गेलात, कोण पाहुणे आले.

"ही कावीळ आज दिसली तरी आत शिरून महिना झालेला असतो," त्या म्हणाल्या. "कधी थोडं कमी, कधी थोडं जास्त. लोक काल काय खाल्लं ते आठवत बसतात. चोर महिन्यापूर्वी येऊन गेला आणि आपण आज कुलूप तपासतोय."

मंगळवारी मावशींच्या रक्ताचा निकाल आला आणि तासाभरात सगळीकडे झाला. रक्तात काविळीच्या खुणा सापडल्या. माझी मुलगी संध्याकाळी दारातच म्हणाली, "आता तरी पटलं?"

दुसऱ्या दिवशी मी ते प्रश्नबाईंना तसंच्या तसं सांगितलं. त्या रस्त्यात थांबल्या. कोणी काही सांगितल्यावर नुसतं हं न म्हणता त्या ते खोडून काढताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"खुणा दोन तऱ्हेच्या असतात, सर. जखम आणि व्रण. ताजी कावीळ असली तर रक्तात जखम दिसते. लहानपणी होऊन गेली असली तर व्रण. मावशींच्या रक्तात व्रण आहे. व्रण असलेल्या माणसाला ही कावीळ जन्मात पुन्हा होत नाही, आणि होत नाही म्हणून ती दुसऱ्याला देताही येत नाही. या शाळेत मोठ्या माणसांपैकी सगळ्यांत निर्धोक हात कोणाचे असतील तर त्यांचे."

"मग हे शनिवारी सांगा की. प्रश्नच मिटला."

"सांगीन. पण नाही मिटणार." त्या बाटलीतलं पाणी प्यायल्या. "कोण नाही एवढं सांगून लोक गप्प बसत नाहीत. काय होतं ते हातात द्यावं लागतं. नाहीतर आज मावशी सुटतील आणि उद्या शिपायाचा नंबर लागेल."

त्या दिवसापासून आम्ही दुसऱ्या घरांना जायला लागलो. जी मुलं ठणठणीत होती त्यांच्या घरांना. एका आजारी मुलामागे दोन बरी, अशी बासष्ट मुलं, हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाकून निवडलेली. तेच एकेचाळीस प्रश्न, तोच आवाज.

मला आधी हे वेळ घालवणं वाटलं. शनिवार जवळ येत होता. एका आजीने तर दारातच अडवलं. "आमच्याकडे सगळं ठीक आहे, बाई. आजारी घर पलीकडचं."

"म्हणूनच आले, आजी. तुमचं ठीक कसं राहिलं ते विचारायला."

आजी खुलल्या. एकेचाळीस प्रश्नांना त्यांनी शंभर उत्तरं दिली.

त्या घरातून निघाल्यावर मी शेवटी विचारलंच, "निरोगी मुलाला विचारून आजाराचं काय कळणार?"

"आजारी मुलांपैकी काकडी किती जणांनी खाल्ली?"

"एकतिसांतल्या सत्तावीस जणांनी. तुम्हीच सांगितलंत."

"म्हणजे काकडी, नाही का? आता असं बघा. त्या एकतिसांपैकी एकतीस जणांनी बूट घातले होते. मग बुटांमुळे का नाही?"

"बूट तर सगळेच घालतात."

"काकडी कोण नाही खात?"

त्यांनी पाटीवरचे कागद उलटले. "अजून नऊ घरं राहिलीत. पण आत्तापर्यंत बऱ्या मुलांतही काकडी तितक्याच प्रमाणात आहे. काकडी दोघांनीही खाल्ली, आणि एक आजारी पडला, दुसरा नाही. मग काकडी सोडून द्यायची. आजाऱ्यांमध्ये पुष्कळ आणि बऱ्यांमध्ये थोडं, असं काय आहे ते बघायचं. बरं मूल समोर नसेल तर हे दिसतच नाही. एका पारड्याचा तराजू कधी पाहिलाय?"

चाळीस वर्षं मी मुलांना ताळा करून बघायला शिकवत आलो होतो. घरच्या दुखण्यात तोच विसरलो होतो.

पण अडचण अशी झाली, की काकडी सोडली तरी हातात काही येईना. विहीर नाही, पाहुणे नाहीत, पोहणं नाही, बाहेरचं खाणं नाही. चौदावा प्रश्न होता, जेवणाआधी हात धुतोस का? आजारी मुलं म्हणाली हो. बरी मुलंही म्हणाली हो. हे उत्तर ऐकून मला जरा बरंच वाटायचं, कारण हात धुण्याची शिस्त लावणारा मीच होतो. गेल्या महिन्यात रस्ता खणताना पाइप फुटला आणि शाळेचे नळ अकरा दिवस कोरडे होते, तेव्हाही मी ती मोडू दिली नव्हती. प्रश्नबाईंनी पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, हात धुण्याची सोय कशी? मी म्हटलं होतं, उत्तम.

पुढच्या आठवड्याच्या गुरुवारी शेवटच्या घरांमध्ये भिंगरीचं घर आलं. भिंगरी माझ्या वर्गातली. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण एका जागी न राहणाऱ्या त्या पोरीला दुसरं नाव शोभलंच नसतं. तिची आणि तिच्या चार मैत्रिणींची टोळी जेवणाच्या घंटेआधी वर्गातून निसटायची. मी त्यांना अनेकदा धरून आणलं होतं. साथीत त्या पाचांपैकी एकही आजारी नव्हती.

भिंगरी पलंगाच्या कडेला पाय हलवत बसली. तेरा प्रश्न झपाझप झाले.

"जेवणाआधी हात धुतेस का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे. पाय हलायचे थांबले.

"हो," ती म्हणाली.

प्रश्नबाईंनी पेन्सिल टेकवली नाही. "सर, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आतून आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग भिंगरी मोकळेपणी हसल्याचं ऐकू आलं. बऱ्याच वेळाने बाई बाहेर आल्या. पाटी छातीशी धरलेली.

"सर, निळा टब कुठे आहे?"

"कोणता टब?"

"नळ बंद होते तेव्हाचा. व्हरांड्यातला."

"कोठीत आहे, खडूंच्या खोक्यांमागे. का?"

"चला, दाखवा. वाटेत सांगते."

भिंगरीने जे सांगितलं ते असं. सर म्हणतात हात धुवा. पण सर टबात धुवायला लावतात. सगळे त्यातच हात बुडवतात, साबण लावतात आणि पुन्हा त्यातच बुडवतात. आधी फेस असतो, नंतर नुसता चहा दिसतो. मी काही चहात हात बुडवत नाही. आम्ही मागच्या दाराने पळून पहिलीच्या बाईंकडे जातो, त्या मगने हातावर पाणी घालतात. पण हे सरांना सांगू नका, ते म्हणतील आम्ही रांग मोडतो.

कोठीत टब सापडला. तळाला साबणाचं पांढरं कडं वाळलेलं होतं. मी तो बाहेर ओढला आणि मला सगळं आठवलं. आठवायला विसरलो कुठे होतो म्हणा. त्या अकरा दिवसांत बाहेरून येणारं पाणी ड्रममध्ये मोजकं मिळायचं. पहिलीच्या बाई मगने एकेकाच्या हातावर घालायच्या, ती मला नासाडी वाटायची. मी तिसरी आणि चौथीसाठी टब भरून ठेवला. दोन वर्ग, एक टब, दिवसाला एकदा पाणी. हात बुडवून वीसपर्यंत मोजायचं, तेही मोठ्याने, पाढे म्हणावेत तसं. मी रांगेच्या बाजूला उभा राहून कोण अठरावर हात काढतो ते बघायचो. माझ्या डोक्यात तो टब आजाराविरुद्धच्या बाजूला जमा होता. म्हणून बाईंनी विचारलं तेव्हा मी उत्तम म्हटलं, आणि खोटं बोललो असं मला क्षणभरही वाटलं नाही.

"हजेरीपट काढता का?" प्रश्नबाई म्हणाल्या. "तुमच्या वर्गाचा. मी सांगत नाही, तुम्हीच मोजा."

वर्ग रिकामा होता. मी टेबलाशी बसलो. आजारी सतरा. एकेक नाव बघितलं. सतराही जण त्या रांगेत होते, डोळ्यांसमोर दिसत होते. मग बरी नऊ. भिंगरी आणि तिची टोळी, पाच. दोघं त्या दिवसांत लग्नासाठी परगावी गेलेली. सात. दोघं टबात हात बुडवूनही बरी राहिलेली. नऊ.

सगळ्यांत पुढे उभी राहायची ती माझी नात. कधी अठरावर हात न काढणारी.

मी हजेरीपट मिटला. प्रश्नबाई खिडकीपाशी उभ्या होत्या, पाठमोऱ्या. मला त्या पाठीचे उपकार वाटले.

"पण पाण्यात ते आलं कुठून?" मी विचारलं.

"कोणातरी एकाच्या हातावरून. ते मूल बहुतेक आजारी दिसलंही नसेल. लहान मुलांना ही कावीळ पुष्कळदा कळून न येताच होऊन जाते."

"कोण ते?"

"ते मी शोधलं नाही, आणि शोधणारही नाही. टब सापडला, काम झालं." मग जरा थांबून म्हणाल्या, "माझाही फॉर्म चुकला, सर. हात धुतोस का, असं मी अठ्ठ्याण्णव शाळांत विचारलंय. कसे धुतोस, असं एकदाही नाही."

असं म्हणून त्यांनी दोरीच्या पेन्सिलीने चौदाव्या प्रश्नाखाली एक ओळ लिहिली. मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली. स्वतःची चूक सापडल्यावर चेहऱ्यावर आनंद दिसतो असं माणूस मात्र ते एकच.

शुक्रवारी मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. अहवालात कोणाचंच नाव नव्हतं. "पाणी बंद असताना वापरलेलं सामाईक भांडं," एवढंच.

"तुम्ही काही बोलायची गरज नाही, सर," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त होताय. तात्पुरती सोय होती, चुकली. मावशींवरचा आळ गेला की झालं."

"भांडं आपलं आपण व्हरांड्यात चालत आलं असं पालकांना वाटेल?"

"वाटू दे."

"मग ते म्हणतील स्वयंपाकघरातलं भांडं. आणि स्वयंपाकघरात कोण होतं?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

संध्याकाळी मी मावशींकडे गेलो. एकच खोली, खिडकीखाली शिलाई मशीन. त्या कुणाच्या तरी उशांचे अभ्रे शिवत होत्या. मी सगळं सांगितलं, टबापासून हजेरीपटापर्यंत. त्या मशीनचं चाक हाताने धरून ऐकत राहिल्या.

"वीसपर्यंत मोजून?" त्यांनी विचारलं.

"वीसपर्यंत."

"म्हणजे अगदी शिस्तीत आजारी पाडलंत."

मी अभ्र्यांच्या गठ्ठ्याकडे बघत राहिलो. मग त्याच म्हणाल्या, "चेहरा पाडू नका. पोरांनी हात धुवावेत म्हणूनच केलंत ना." चाक एकदा फिरलं आणि थांबलं. "मला राग आला तो त्या पाहणीच्या बाईंचा. इथे आल्या, दोन तास बसल्या, माझ्या रक्तात काही नाही म्हणाल्या. आणि काकडी चिरून पुढे केली तर हात लावला नाही. पाणीसुद्धा त्यांच्या बाटलीतलं."

"त्या कोणाकडेच घेत नाहीत."

"ते त्यांना माहीत. समोरच्या खिडकीतून बघणाऱ्यांना काय दिसलं?"

शनिवारी सभागृह भरलं होतं. माझी मुलगी दुसऱ्या रांगेत. मावशी अगदी मागे, भिंतीला टेकून, उभ्याच. प्रश्नबाईंनी दहा मिनिटांत सगळं सांगितलं, आधी मावशींच्या रक्तातल्या व्रणाचं, मग आकडे. काकडी, आजाऱ्यांत एकतिसांपैकी सत्तावीस, बऱ्यांत बासष्टांपैकी त्रेपन्न, म्हणजे सारखंच. सामाईक भांडं, आजाऱ्यांत अठ्ठावीस, बऱ्यांत फक्त सहा. राहिलेल्या तीन आजाऱ्यांपैकी दोघं आजारी मुलांची धाकटी भावंडं. "आणि एकाचं मला कळलं नाही," असंही त्यांनी सांगितलं. तेही न लपवता.

लोक ऐकत होते, पण मी फळ्यापुढे इतकी वर्षं उभा राहिलोय की ऐकणं आणि कळणं यातला फरक मला मागच्या बाकावरूनही दिसतो. कोणीतरी म्हणालंच, "आकडे राहू द्या, पण रक्तात सापडलं त्याचं काय?"

मी उठलो. तो निळा टब मी सकाळीच पाण्याने भरून मंचाच्या कडेला ठेवला होता. खिशातून निळा खडू काढला, चुरून तळहातावर चोळला.

"समजा हा मी, चौथीतला एक मुलगा," मी म्हटलं. "माझ्या हातावर काही आहे. मला दिसतंय, पण खऱ्या आजारात दिसत नाही." हात टबात बुडवले, मोठ्याने वीसपर्यंत मोजलं, साबण लावला, पुन्हा बुडवले. माझे हात बऱ्यापैकी स्वच्छ झाले होते. ते मी सगळ्यांना दाखवले. मग मुलीकडे पाहिलं. "तू ये."

"मी कशाला, बाबा?"

"ये तर."

ती आली. हात बुडवले. तिला मी सांगितलंही नव्हतं, तरी ओठांत मोजत होती, लहानपणी मीच लावलेली सवय. तिने हात बाहेर काढल्यावर मी माझा पांढरा रुमाल पुढे केला. तिने हात पुसले. रुमालावर निळसर डाग उमटले.

मागच्या रांगांतले लोक बघायला उठून उभे राहिले.

"हा टब व्हरांड्यात मी ठेवला होता," मी म्हटलं. "मावशींनी नाही. त्यांना तो माहीतही नव्हता. तिसरी आणि चौथीच्या मुलांना रांगेत उभं करून त्यात हात बुडवायला मी लावलं. ज्यांनी माझं ऐकलं ती आजारी पडली. ज्यांनी नाही ऐकलं ती इथे मागे दंगा करतायत."

कोणीतरी हसलं. माझी मुलगी हातातल्या रुमालाकडे बघत होती.

"हिने सगळ्यांत जास्त वेळ बुडवले असतील ना, बाबा?" ती हळू आवाजात म्हणाली. हिने म्हणजे तिच्या लेकीने.

"हो," मी म्हटलं. "पूर्ण वीस."

तिने रुमालाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. मला परत दिला नाही. मावशींना काढायचा प्रश्न नंतर कोणी विचारलाच नाही, म्हणून त्यावर हातही वर झाले नाहीत.

बैठक संपल्यावर प्रश्नबाईंनी पिशवीतून सुरी काढली, कागद अजून चिकटवलेला. "हिच्यावर काही सापडलं नाही. कोणाकडे देऊ?" मी हात पुढे केला, पण मुलीने तो बाजूला सारला आणि सुरी स्वतः घेतली. सोमवारी सकाळी ती मावशींच्या घरी गेली. मला बरोबर नेलं नाही. तिथे काय बोलणं झालं ते दोघींनीही मला आजवर सांगितलेलं नाही. मंगळवारी जेवणात काकडी होती.

नात तीन आठवड्यांनी शाळेत आली, जरा उंच झाल्यासारखी, बारीक झालेली. व्हरांड्यात आता ड्रम आहे, त्याला तळाशी तोटी आहे. हात पाण्यात जात नाहीत, पाणी हातावर येतं. रांगेवर देखरेख भिंगरीकडे दिली आहे. ती माझ्यापेक्षा कडक आहे.

प्रश्नबाई पुन्हा आल्या त्या शेवटचं मूल आजारी पडल्याला शंभर दिवस झाल्यावर. त्याआधी साथ संपली असं म्हणता येत नाही, असं त्यांनी सांगितलं होतं, आणि त्यांनी दिवस मोजले होते. त्या वर्गावर्गांतून हिंडल्या. नवीन एकही नाही. नवीन फॉर्मवर चौदावा प्रश्न बदललेला होता. हात कसे धुतोस ते दाखव. मुलं दाखवत होती, त्या बघत होत्या आणि हं म्हणत होत्या.

जेवणाची घंटा झाली. बाईंनी पाटी मिटली, पिशवीत ठेवली आणि पिशवी कोपऱ्यात भिंतीशी उभी केली. मग मुलांच्या रांगेत शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. ड्रमपाशी आल्यावर भिंगरीने तोटी सोडली आणि त्यांच्या मनगटांकडे बोट दाखवून म्हणाली, "इथपर्यंत."

त्यांनी इथपर्यंत धुतले. ताट घेऊन मुलांच्या मध्ये, सतरंजीवर बसल्या. त्या दिवशी मंगळवार होता. फाटकाशी थांबलेल्या दोन-चार आया आत डोकावून बघत होत्या, आणि बाईंना ते दिसत होतं. मावशींनी चार चकत्या वाढल्या आणि पुढच्या ताटाकडे वळल्या.

"मावशी," प्रश्नबाई म्हणाल्या, फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "मला चार पुरणार नाहीत."

मावशींनी मागे वळून पाहिलं. मग टोपल्यातली आख्खी काकडी उचलली, त्यांच्यासमोरच बसल्या आणि लाकडी मुठीच्या सुरीने चिरायला लागल्या. चकत्या एकसारख्या जाडीच्या पडत होत्या.